मुनारा नंबर सत्तेचाळीस

गुरुवार, ९ जानेवारी १९५८. सकाळी साडेदहा वाजता शाळा तपासनिसांनी पाचवीच्या वर्गातला एक नकाशा चार टाचण्या काढून भिंतीवरून उतरवला, गुंडाळला आणि शिपायाच्या हातात दिला. दहा पन्नासला जीप निघाली. चांद्याला सव्वीस जानेवारीच्या निमित्ताने जिल्ह्यातल्या शाळांचं प्रदर्शन भरणार होतं. या शाळेतून दोन वस्तू निवडल्या गेल्या, आठवीच्या मुलींनी भरलेला टेबलक्लॉथ आणि हा नकाशा.

शाळा मिशनची, अहेरीच्या चार मैल अलीकडे. पाचवी ते आठवी, फक्त मुली, मागे बोर्डिंग. पाचवीला मराठी, हिंदी, अपूर्णांकांपर्यंतचं गणित, इंग्रजीची मुळाक्षरं, शिवण आणि बागकाम. ख्रिस्ती मुलींना धर्मशिक्षणाचा तास, बाकीच्यांना त्याच वेळी नीतिपाठ. आणि भूगोल. पाचवीचा भूगोल गावापासून सुरू होई. आधी आपलं गाव, मग तालुका, मग जिल्हा. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक मुलीने आपल्या गावाचा नकाशा करून आणायचा होता. अंतर पावलांनी मोजायचं, शंभर पावलांना एक बोट.

"जे सुटेल त्याचे मार्क कापीन," असं भूगोलाचे मास्तर दादाजी गुरनुले यांनी बजावलं होतं. ते पोंभुर्ण्याचे. स्वतः कधी नकाशा करून कुठे पाठवलेला नव्हता, पण मुलींकडून करून घेण्याचा त्यांना अभिमान होता.

उतरवलेला नकाशा कोसमटोल्याचा होता. काढणारी रंभा इस्तारी शेंडे, वय अकरा. कोसमटोला म्हणजे अकरा घरं, एक तलाव, तलावात मासे धरणारी माणसं. शाळेपासून सात मैल. त्या गावातून मिडल शाळेत आलेली ती पहिलीच.

त्या दिवशी तिने दुपारचं जेवण नीट घेतलं नाही, आनंदाने. हे बोर्डिंगच्या स्वयंपाकिणीने नंतर सांगितलं.

शनिवारी, अकरा तारखेला, तिचा बाप तिला संक्रांतीसाठी न्यायला आला. शाळेपासून दोन मैलांवर सागाचं रान सुरू होतं. तिथवर रंभाने इंग्रजीचे शब्द म्हणून दाखवले, इस्तारी हसत राहिला. मग ती म्हणाली, "बाबा, माया नकाशा चांद्याले गेला. सायेब घेऊन गेले."

"कोन्ता नकाशा?"

"तोच. तुमी माह्यासंगं दोरी धरली होती नाई का, दिवाळीत."

इस्तारीला दोरी आठवली, पावलं सरळ रेषेत पडावीत म्हणून ताणलेली. चार दिवस तो पोरीबरोबर चालला होता. तिच्या पावलांची गिनती चुकली की तो पुन्हा सुरुवातीला जायचा. शाळेने काहीतरी मोजायला सांगितलंय, एवढंच त्याला समजलं होतं.

"त्याच्यात काय काय हाये?"

"सप्पाच हाये. तलाव, पाळ, अकरा घरं, वाट, नाला. मुनारा."

"अन्?"

"अन् पलीकडच्या बांध्या."

तो वाटेतच थांबला. रंभा आणखी दहा-बारा पावलं पुढे गेली, मग वळली. बाप डोक्याचा शेला काढून हातात धरून उभा होता.

"पलीकडचं बोलाचं नाई, सांगतलं होतं ना तुले."

"मी बोललीच नाई," रंभा म्हणाली. "कोनालेच नाई बोलली. मी काढलं."

तिने खोटं सांगितलेलं नव्हतं. कोसमटोल्यातल्या प्रत्येक पोराला चालता यायला लागल्यापासून सांगितलं जाई की खाकी कपड्यातल्या माणसापाशी पलीकडचं नाव काढायचं नाही. कागदावर चित्र काढायचं नाही असं मात्र कुणी सांगितलं नव्हतं, कारण नकाशा म्हणजे काय हे त्या गावात कुणाला माहीत नव्हतं.

पलीकडे म्हणजे नाल्याच्या पलीकडे. तिथे पाच घरांच्या मिळून नऊ बांध्या होत्या, बांध घातलेली धानाची शेतं. इस्तारीच्या बापाने जमीनदाराच्या माणसाच्या तोंडी परवानगीवर रान तोडून त्या काढल्या होत्या. जमीनदारी गेली, जंगल सरकारजमा झालं. चार वर्षांपूर्वी हद्दीचे मुनारे उभे राहिले, कमरेएवढे दगडी ढीग, चुन्याने नंबर घातलेले. सत्तेचाळीस नंबरचा मुनारा नाल्यापासून एकशे चाळीस पावलांवर आला. बांध्या त्याच्याही आत, आणखी साठ पावलांवर. जंगल खात्याच्या नाकेदाराला ठाऊक होतं. तो दर पंधरवड्याला येई, तलावातले मासे घेई आणि नाला ओलांडत नसे. कागदावर तिथे साग होता.

आता कागदावर नऊ बांध्या होत्या. रंभाने त्यांना पानांच्या रसाने हिरवा रंग दिला होता. मळणी न झालेल्या, रचून ठेवलेल्या धानाची पाच पुंजणी काढली होती. मुनाऱ्यावरचा नंबरही जसाच्या तसा उतरवला होता.

घरी पोचेपर्यंत इस्तारी दोन वाक्यं बोलला. एक, "पानी पितं का?" दुसरं, "तुया मायले मी सांगतो. तू नोको सांगू."

रविवारी सकाळी पाच घरांची माणसं तलावाच्या पाळीवर बसली. इस्तारीचा चुलतभाऊ डोमा सगळ्यात मोठा.

"पोरगी शिकवाले पाठवली," डोमा म्हणाला. "शिकली. आता सरकारले वाट दाखोते."

"तिले काय समजते, डोमाभाऊ."

"तुले तं समजते ना? दोरी कोनं धरली होती?"

रंभाची आई कुंता मागे उभी होती. ती म्हणाली, "दोरीचं सोडा. पुंजनी नेली तं काय खाचं ते सांगा."

पुंजणी जप्त होतील, बैल धरतील, केस होईल, हे सगळ्यांना माहीत होतं. शेजारच्या गावात मागल्या वर्षी झालं होतं. तिथला एक माणूस सिरोंच्याला कोर्टाच्या तारखांना जात राहिला होता, अजून जातच होता. ठरलं की इस्तारीने शाळेत जावं आणि कागद परत मागावा.

सोमवारी तेरा तारखेला सकाळी नऊ वाजता तो मुख्याध्यापिकेच्या खोलीच्या दाराबाहेर उभा होता. मुख्याध्यापिका सिस्टर क्लोटिल्डा, मूळच्या वसईच्या, पन्नाशीतल्या. त्यांनी त्याला बाकावर बसायला सांगितलं. तो खाली बसला.

"सिस्टरबाई, माया पोरीचा कागद परत पायजे."

"प्रदर्शन झालं की येईल. काळजी करू नका."

"आज पायजे."

मग त्याने का ते सांगितलं. सांगताना तो जमिनीकडे पाहत होता. सिस्टरने दादाजी मास्तरांना बोलावलं. मास्तर आले आणि त्यांनी उभ्यानेच सगळं ऐकलं. त्यांनी त्या नकाशाला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मार्क दिले होते.

"मला वाटलं, शेत म्हणजे शेत," ते म्हणाले.

"मी पत्र लिहून परत मागवते," सिस्टर म्हणाल्या.

"कारण काय देणार? विनाकारण परत मागितला तर पहिल्यांदा तोच उघडून पाहतील." मास्तर म्हणाले. "दुसरा पाठवू. सुधारलेला. पहिला चुकला होता म्हणून लिहू."

"चुकला होता का?"

मास्तरांनी इस्तारीकडे पाहिलं. सिस्टरने इस्तारीला विचारलं, "चुकला होता का?"

"नाई बाई," इस्तारी म्हणाला. "तिनं बराबर काढला."

त्या आठवड्याचा नीतिपाठ खोट्या साक्षीवर होता आणि तो तास सिस्टर स्वतः घेत. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "मुलीला काय काढायला लावायचं ते मास्तर ठरवतील. मी त्या वेळी वर्गात नसेन. पण जे खोटं आहे त्याखाली सही करणार नाही."

दुसरा नकाशा रंभाने संक्रांतीहून परतल्यावर बुधवारी दुपारी शिवणाच्या तासाला मास्तरांच्या टेबलाशी बसून काढला. तलाव, पाळ, अकरा घरं, वाट, नाला, एकशे चाळीस पावलांवर मुनारा. त्याच्या पुढे मास्तरांनी झाडं काढायला सांगितली.

"किती?" रंभाने विचारलं.

"कागद भरेल एवढी."

"मास्तर, मार्क कापाल?"

"नाही," मास्तर म्हणाले. "काढ."

गुरुवारी सोळा तारखेला नकाशा टपालाने चांद्याला गेला. सोबतच्या पत्रात मास्तरांना 'पहिला नकाशा चुकीचा असून रद्द समजावा' हे वाक्य हवं होतं. त्यांनी दोनदा विनंती केली. सिस्टरने एकच वाक्य लिहिलं. 'याच विद्यार्थिनीने काढलेला याच गावाचा दुसरा नकाशा सोबत पाठवीत आहे.' त्यातला प्रत्येक शब्द खरा होता.

बुधवारी, २९ जानेवारीला, अहेरीच्या एका शाळेचे ड्रॉइंग मास्तर चांद्याहून परतताना मिशनच्या शाळेत चहाला थांबले.

"गुरनुले, तुमची पोरगी गाजली," ते म्हणाले. "दोन नकाशे शेजारी शेजारी लावले होते. खाली चिठ्ठी होती, एक विद्यार्थिनी, एक गाव, दोन प्रयत्न. लोक थांबून फरक शोधत होते. कोड्यासारखं."

दादाजी मास्तरांनी कप खाली ठेवला. "बाजूला कुणाचा मांडव होता?"

"जंगल खात्याचा. पेंढा भरलेलं अस्वल होतं त्यांचं, पोरांची ही गर्दी. त्यांचा एक रेंजर तुमच्या नकाशांपाशी बराच वेळ होता. वहीत काही लिहून घेत होता. मला म्हणाला, मुनाऱ्याचा नंबर आमच्या लोकांनाही पाठ नसतो, या पोरीला आहे." ड्रॉइंग मास्तर हसले. "बक्षीस मिळेल बघा."

ते गेल्यावर मास्तरांनी चौथा तास घेतला नाही.

पत्र सोमवारी, ३ फेब्रुवारीला आलं. शिक्का तपासनिसांच्या कचेरीचा होता, सोबत जंगल खात्याच्या चिठ्ठीची नक्कल. कुमारी रंभा शेंडे हिचे दोन्ही नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांपैकी कोणता खरा ते मुख्याध्यापिकेने लेखी कळवावे. शुक्रवारी, ७ फेब्रुवारीला, जंगल खात्याचे फॉरेस्टर जागा पाहण्यास येतील. विद्यार्थिनीस अंतरे दाखविण्यासाठी सोबत द्यावे.

निरोप त्याच संध्याकाळी कोसमटोल्याला पोचला. मंगळवारी पहाटेपासून पाच घरांनी धान चुरायला घेतलं. सगळे बैल एका खळ्यावर जुंपले. बुधवारी दुपारपर्यंत चार पुंजणी संपली, पोती नाल्याच्या अलीकडे आली. पाचवं अर्धं राहिलं. नाकेदार येऊन पाळीवर बसला होता. त्याला मासे दिले तर त्याने घेतले नाहीत. गावाला त्याची खरी भीती तेव्हा वाटली.

"चार साल मले काई दिसलं नाई," तो म्हणाला. "आता कागदावर आलं. आता नाई दिसलं तं माही नोकरी जाते."

तो गेल्यावर डोमाने विषय काढला. "बांध्या तं उचलून नेता येत नाई. मुनारा येते."

तोच पुढे म्हणाला, "दगडच हायेत. सब्बल लावली तं सहा मानसांचं अर्ध्या दिसाचं काम. बांध्यांच्या पल्याड नेऊन रचला तं बांध्या जंगलाच्या भायेर."

"सेहेचाळीस अन् अठ्ठेचाळीसच्या मधात वाकडा दिसन," इस्तारी म्हणाला.

"कोन पायते?"

"मुनारा हालवला तं जेल हाये, डोमाभाऊ."

"नाई हालवला तं उपास हाये. तू पोरीवालाच मानूस. तू नोको येऊ."

इस्तारीने आणखी एक गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. रंभाच्या कागदावर मुनारा किती पावलांवर आहे तेही लिहिलंय, ती पावलं त्याने तिच्यासोबत मोजली होती, आणि शाळेत दुसरा काढला त्यातही ती तेवढीच असणार. डोमाने हात झटकला. "पोरीच्या पावलांवर सरकार चालते का? त्याईले बांध्या पायजे. बांध्या दाखवू. भायेर हायेत म्हनू."

गुरुवारी दुपारी इस्तारी शाळेत आला. मधल्या सुट्टीपर्यंत चिंचेखाली बसून राहिला. रंभा आली तेव्हा त्याने तिला फडक्यात बांधलेले मुरमुरे दिले आणि तिच्या पायांकडे पाहिलं.

"तुये पाय वाढले का वं, दिवाळीपासून?"

"माईत नाई."

"पाऊल लांब पडत असन आता."

"मास्तर म्हनते, मोजताना नेहमीसारखंच पाऊल टाकाचं. लांब नाई, आखूड नाई." ती मुरमुऱ्यांची गाठ सोडत होती, सुटत नव्हती. "बाबा, कोन्ता खरा म्हनू?"

घंटा झाली. इस्तारी उठला. "मी तिथी असन," तो म्हणाला. "उद्या. मी तिथीच असन."

त्याच संध्याकाळी सिस्टर क्लोटिल्डांनी रंभाला खोलीत बोलावलं. दादाजी मास्तर हजर होते. कोणता नकाशा खरा, असं सिस्टरने विचारलं. रंभाने पहिला म्हणून सांगितलं. आवाज बाकावरूनही ऐकू येणार नाही इतका लहान होता. मग तिने विचारलं, "माया बाबाले नेतीन का?"

"मला माहीत नाही," सिस्टर म्हणाल्या.

तिला पाठवून दिल्यावर त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर लिहिलं, 'सदर जागा मी पाहिलेली नाही. विद्यार्थिनी जागेवर सांगेल.'

"म्हणजे तुम्ही पोरीवर टाकलंत," मास्तर म्हणाले.

सिस्टरने कागदावर टीपकागद दाबला. बराच वेळ तो उचलला नाही.

शुक्रवारी, सात तारखेला, आठ वाजता जीप आली. फॉरेस्टर तरुण होता, नागपूरकडचा, सभ्य. त्याने रंभाला पुढच्या सीटवर बसवलं, थंडी वाजते का म्हणून विचारलं. मागे दादाजी मास्तर, फॉरेस्टरने चांद्याहून आणलेले दोन्ही नकाशे मांडीवर घेऊन, आणि मोजणीची साखळी घेतलेले दोन मजूर. वाटेत फॉरेस्टर म्हणाला, "घाबरायचं काही नाही, बाळ. तू चालायचंस, मोजायचंस. मग आम्ही साखळी टाकू. तुझं बरोबर आलं की झालं."

"अन् चुकलं तं?"

"तर कोणी काढायला लावलं ते विचारावं लागेल."

मास्तरांनी रस्त्याकडे पाहिलं.

जीप नऊ चाळीसला नाल्यापाशी थांबली. पुढे गाडी जात नव्हती. नाल्यात पाणी घोट्याएवढं होतं. पलीकडच्या काठावर कोसमटोल्याची आठ-दहा माणसं उभी होती. डोमा पुढे होता. त्याने फॉरेस्टरला हात जोडले. त्याच्या दोन्ही तळव्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या. इस्तारी त्यांच्यात नव्हता. तो पुढे रानात, एका मोहाच्या झाडाला टेकून उभा होता, आणि नाल्यावरून दिसत होता.

"दोन्ही कागदांवर मुनारा एकशे चाळीसवरच आहे," फॉरेस्टर म्हणाला. "तिथपर्यंत भांडण नाही. तिथपर्यंत चल. पुढचं तिथे पाहू."

डोमाने इस्तारीकडे मान वळवली आणि तशीच ठेवली.

नाला ओलांडून रंभाने पलीकडच्या काठावरच्या दगडाला पाठ लावली, जशी दिवाळीत लावली होती. ती मोठ्याने मोजत निघाली. मास्तर मागून मनात मोजत होते. पन्नासला वाट डावीकडे वळली. नव्वदला मोहाखालचा माणूस स्पष्ट दिसू लागला. तिची पावलं सारखी पडत होती, लांब नाही, आखूड नाही. एकशे वीसनंतर तिचा आवाज बारीक झाला, पण मोजणं थांबलं नाही.

एकशे चाळीस म्हणून ती उभी राहिली.

बाप तिच्यापासून दोन हातांवर होता. तिच्या पायापुढे गोल, मोकळी, ओली माती होती. त्यावर पाचोळा पसरलेला होता, पण आजूबाजूच्या पाचोळ्यापेक्षा गडद, खालून वर आलेला. एका ढेकळाला चुन्याचा पांढरा डाग होता. मुनारा नव्हता.

फॉरेस्टरने आधी मातीकडे पाहिलं, मग सेहेचाळीसच्या दिशेने, मग अठ्ठेचाळीसच्या. मास्तरांच्या हातातून दोन्ही नकाशे घेऊन त्याने जमिनीवर पसरले, चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले. तो रंभासमोर उकिडवा बसला.

"इथेच होता?" त्याने विचारलं.

इस्तारीने मोहाच्या सालीवरचा हात काढला नाही. नाल्याकडून कुणीही पुढे आलं नाही.

दादाजी मास्तरांच्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. रंभाने अजून उत्तर दिलेलं नव्हतं.